पथ्यपाण्याची ओळ

आमच्या दैनिकाच्या श्रीरामपूर कार्यालयात सकाळचा पहिला फोन बहुतेक त्यांचाच असे. नाव सांगण्याची पद्धत नव्हती. थेट मजकुराला हात.

"पान पाच, डावीकडे खाली. 'अल्पशा आजाराने निधन.' अल्पशा म्हणजे किती?"

निधनवार्तेचा मजकूर घरचे लोक लिहून आणतात आणि तो तसाच छापला जातो, हे त्यांना अनेकदा सांगून झाले होते.

"घरचे लिहितात, कबूल. पण हा माणूस दिवाळीपासून अंथरुणावर होता. सुरुवातीला आजारी होता, नंतर उपाशी होता. मेला तो उपाशी होता म्हणून."

"मग काय लिहायचं, डॉक्टर?"

"'दीर्घ उपासानंतर' असं लिहा."

"लोकांना वाटेल, देवाचा उपास होता."

"देवाचाच असतो. देव पांढरा कोट घालून येतो आणि सांगतो, यांना तोंडाने काही देऊ नका. मग पुढं सांगायला विसरतो."

फोन बंद. अंकाविषयी त्यांची दुसरी कोणतीही तक्रार कधी आली नाही. पहिल्या पानावर काय आहे, हे त्यांना माहीत असे की नाही याचीही शंका आहे.

ते एम.डी. होते, मेडिसिनचे. त्यानंतर दक्षिणेत जाऊन त्यांनी आजारी माणसाच्या पोषणाचे वेगळे शिक्षण घेतले होते. ज्याला गिळता येत नाही, ज्याचे आतडे फाटले आहे, ज्याच्या पोटात काही टिकत नाही, अशाला नळीतून किंवा शिरेतून अन्न कसे द्यायचे, किती द्यायचे आणि कधी द्यायचे नाही, हा त्यांचा विषय. गावात त्यांना 'जेवणाचे डॉक्टर' म्हणत. एस.टी. स्टँडमागे त्यांची खोली होती आणि बेलापूर रस्त्यावरच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात ते रोज फेरी मारत. रुग्णालयाचा मालक स्वतः सर्जन होता. दोघे एकमेकांना मानत. निदान तेव्हा मानत.

भेटणाऱ्याचा हात हातात घेतला की ते तो सोडत नसत. नमस्कार हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. नमस्कारात माणूस स्वतःचेच हात धरून बसतो, असे ते म्हणत. उजव्या हाताने हस्तांदोलन करायचे आणि डाव्या अंगठ्याने समोरच्याच्या अंगठ्याच्या मुळाशी, तर्जनीच्या बाजूला असलेले मांस दाबून बघायचे, ही त्यांची रीत.

"माणूस आधी इथून संपतो," ते म्हणत. "चेहरा फार उशिरा सांगतो. लोक चेहऱ्याकडं बघत बसतात."

एका लग्नाच्या स्वागत समारंभात ते व्यासपीठावर चढले आणि नवरदेवाचा हात धरून उभे राहिले. फोटोवाला थांबला, मागे रांग खोळंबली. शेवटी नवऱ्या मुलाचा बाप म्हणाला, "डॉक्टर, अहेर राहू द्या, पण पोराचा हात सोडा."

"रात्रीचा जेवत नाही हा," डॉक्टर म्हणाले. "अहेर हाच."

त्यांच्या खोलीत वजनकाटा नव्हता. पेशंट विचारत, कारण वजन केल्याशिवाय तपासल्यासारखे वाटत नाही. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले होते. काटा हे हलकट यंत्र आहे. तो मांस मोजतो, चरबी मोजतो, तसेच सुजेचे पाणीही मोजतो. आजारी माणसाचे वजन वाढले म्हणून घरचे खूश होतात आणि तो पाण्याने फुगलेला असतो. हात खोटे बोलत नाही.

पण त्यांचा खरा राग एका शब्दावर होता. पथ्य.

महाराष्ट्रात डॉक्टरच्या खोलीतून बाहेर पडताना उंबऱ्यावर एक प्रश्न विचारला जातो. गोळ्या समजल्या, पैसे दिले, चप्पल पायात घातली, आणि मग मागे वळून: पथ्यपाणी काय? हा प्रश्न आला की डॉक्टर खुर्चीतून उठत. राहुरीकडच्या एका म्हातारीबरोबरचे हे संभाषण दाराबाहेरच्या बाकावरून ऐकलेले आहे.

"पथ्यपानी काय, डाक्टर?"

"काही नाही. सगळं खा."

"भात?"

"खा."

"दूध?"

"प्या की."

"वांगं?"

"वांग्यानं तुमचं काय वाकडं केलंय, आजी? अंगावर मांस नाही तुमच्या. खा!"

म्हातारी बाहेर आली आणि मुलाला हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "याला काय येत न्हाई रं. एक बी वस्तू बंद केली न्हाई. दुसऱ्याकडं चल."

डॉक्टर हसले नाहीत. त्या दिवशी ते म्हणाले, "पथ्य म्हणजे काय खायचं नाही त्याची यादी. ती कोणीही देतो. शेजारीण देते. मी काय खायचं त्याचा डॉक्टर आहे आणि मराठीत माझ्या धंद्याला शब्द नाही." ही तक्रार त्या वेळी भाषेची वाटली होती.

राजूरच्या एका किराणा दुकानदाराला त्यांनी उठवून घरी पाठवले होते. स्वादुपिंड सुजून तो आडवा झाला होता. ऑपरेशन व्यवस्थित झाले, ताप गेला, तरी माणूस दिवसेंदिवस वाळत होता. नातेवाइकांनी गाडी ठरवली होती, घरी नेऊन ठेवायचे म्हणून. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली आणि तिच्यातून अन्न सोडायला सुरुवात केली, इतके थोडे की दुकानदाराच्या भावाने विचारले, "चिमणीला देताय का?" एकदम दिले तर उपाशी माणूस अन्नानेच मरतो, हे त्याला समजावण्यात एक दुपार गेली. पुढे दुकानदार पायांनी चालत जिना उतरला. तेव्हा लोक बिल रोखीने भरत आणि मालक सर्जन आपल्या हाताने डॉक्टरांची फी काढून देई. दुकानदार नंतर दर वर्षी अकोले तालुक्याच्या डोंगरातला तांदूळ पाठवायचा. डॉक्टर तो रुग्णालयाच्या आयांना वाटून टाकत आणि प्रत्येकीचा हात दाबून बघत.

मग विमा आला. आधी नोकरदारांचा, पुढे जवळजवळ सगळ्यांचाच. रुग्णालयाच्या दर्शनी भागात विम्याची खिडकी उघडली, तिथे एक बाई संगणकासमोर बसू लागल्या आणि कोणता उपचार होणार हे हळूहळू त्या खिडकीवर ठरू लागले. बाईंचा यात दोष नव्हता. त्यांच्या पडद्यावर शीर्षांची, म्हणजे कोणता खर्च कोणत्या नावाखाली मांडायचा त्याची, एक यादी होती. शीर्ष असेल तर पैसे, नसेल तर नाही. सर्जनला शीर्ष होते, भूलतज्ज्ञाला होते, एक्स-रेला होते. पोषणाच्या डॉक्टरला नव्हते.

"तुमचं काम मला दिसतं, डॉक्टर," मालक सर्जन त्यांना म्हणाला. "कंपनीला दिसत नाही. तुमच्या व्हिजिट माझ्या नावावर घालू. पैसे तुम्हाला पोचतील."

"पैसे पोचतील. मी पोचणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या कोणी हे शिकून आलं, तर कंपनी सांगेल की श्रीरामपुरात असं काम कधी झालंच नाही. कागद बघा म्हणेल. तो कागद मी करून द्यायचा?"

"तुम्ही आदर्श घालून द्यायला बसलात. मला वॉर्ड चालवायचाय."

डॉक्टरांनी स्वतंत्र शीर्षासाठी अर्ज सुरू केले. कंपनीला केले, कंपनीने नेमलेल्या मध्यस्थांना केले, तक्रार निवारणाकडे केले. प्रत्येक अर्जात एक वाक्य असे: मृतदेह गुंडाळण्याच्या चादरीला यादीत जागा आहे, मला नाही. या वाक्याची बातमी झाली होती. कंपनीची बाजूही छापली होती. 'नियमानुसार कार्यवाही सुरू आहे.' या काळात त्यांच्या बऱ्याच फेऱ्या फुकट होत होत्या. संसार त्यांच्या पत्नीच्या शाळेच्या पगारावर चाले. घरात यावरून बोलाचाली होत असे, असे त्यांनी एकदा सांगितले आणि लगेच विषय बदलून हात मागितला.

एक दिवस ते फोन न करता कार्यालयात आले. हातात पेढ्यांचा पुडा होता. कंपनीचे पत्र आले होते: 'पोषणविषयक सेवांची नोंद यापुढे स्वतंत्र शीर्षाखाली घेण्यात येईल.' बातमी करायची म्हणून खात्रीसाठी खिडकीवरच्या बाईंना फोन केला. ते शीर्ष नेमके काय आहे, वाचून दाखवा, अशी विनंती केली. फोन मोठ्या आवाजावर होता.

बाईंनी वाचले, "पथ्यपाणी."

 बाईच पुढे म्हणाल्या, "सर, यादीत पोषण असा शब्दच नाहीये. मराठी यादी वरून आलीय. जवळचा हाच होता म्हणून मी हाच धरला. सगळे पेशंट हेच तर विचारतात."

"हे कोणत्या गटात येतं, बाई?" डॉक्टरांनी विचारले.

"खाद्यपेय व इतर."

"त्या गटात अजून काय काय आहे?"

"नातेवाइकांचा चहा-नाश्ता... पाण्याच्या बाटल्या... टूथब्रश."

"आणि तो गट देय आहे?"

"नाही सर. नोंद होते फक्त."

डॉक्टरांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर मधोमध सरकवला. "खा," ते म्हणाले. "पथ्य काही नाही." आणि गेले. बातमी झाली नाही. 'नोंद होते फक्त' ही बातमी होत नाही.

कोल्हारची एक बाई त्यानंतरच्या उन्हाळ्यात रुग्णालयात आली. नवरा श्रीरामपुरातल्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळेत कामाला होता आणि संस्थेकडून त्याला कुटुंबासकट विमा होता. आतडे फुटल्यामुळे तिचे तातडीचे ऑपरेशन झाले. ते मंजूर झाले. काही दिवसांनी आतला टाका सुटला आणि पोटातले पाणी जखमेतून बाहेर येऊ लागले. आता तोंडाने काही द्यायचे नव्हते. जखम आतून भरायची तर अंगात मांस हवे, आणि मांस टिकायला शिरेतून अन्न हवे. सर्जनने जेवणाच्या डॉक्टरांना बोलावले.

ते आले, तिचा हात बघितला आणि नवऱ्याला म्हणाले, "हात अजून आहे." शिरेतून देण्याची पांढरी पिशवी सुरू झाली. वॉर्डातल्या आया तिला 'दुधाचं सलाईन' म्हणत. आठवडाभरात जखमेतले पाणी कमी झाले. बाई उशीला टेकून बसू लागली आणि तिने आयांजवळ लसणाच्या चटणीची मागणी केली. डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा ते फार खूश झाले. "भूक लागली तिला. अर्धी लढाई संपली."

पिशवीच्या मागणीवर त्यांची सही होती. म्हणून तिची नोंद त्यांच्या शीर्षाखाली झाली. आणि म्हणून कंपनीचे उत्तर आले: खाद्यपेय, देय नाही.

रुग्णालयाने पिशवी थांबवली. घरच्यांनी बाहेरून आणली तर लावू, असे सांगितले. नवऱ्याने काही दिवस पदरचे घातले, मग पदर संपला. डॉक्टर सर्जनच्या खोलीत गेले. त्यांच्या सांगण्यावरून या वेळी आमच्या दैनिकाचा वार्ताहरही, म्हणजे हे लिहिणारा, बरोबर होता.

"घाला तुमच्या नावावर," ते उभ्यानेच म्हणाले. "माझी व्हिजिट, पिशवी, सगळं."

"आता?" सर्जनने चष्मा काढला. "एका शीर्षात नोंद झालेली वस्तू दुसऱ्यात टाकली की फाइल चौकशीला जाते. मग ऑपरेशनचंही अडकेल. तुम्हाला वेगळी ओळ हवी होती ना, डॉक्टर? मिळाली."

तिथूनच त्यांनी कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला फोन लावायला लावला. अधिकारी तरुण होता, आवाज अत्यंत नम्र.

"सर, पेशंटचा आहार हा घरच्यांचा खर्च धरला जातो."

"तिला खाता येत नाही. तिचं आतडं गळतंय."

"हो सर, वाचलं मी. मग आयव्ही चालू आहे ना?"

"ते आयव्हीच अन्न आहे. तेच तुम्ही बंद केलंय."

"सर, सलाईन आपण मंजूर केलेलं आहे. कितीही द्या. त्यात साखर असतेच ना?"

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"हो सर. बीएएमएस."

"मग तुम्हाला पथ्य शिकवलं असेल."

"हो सर, अर्थात," अधिकारी उत्साहाने म्हणाला. "पथ्यापथ्य. सर, पथ्य उत्तमच आहे, फक्त ते देय नाही."

डॉक्टरांनी फोन ठेवला. त्यानंतर रुग्णालयाने त्यांची अधिकृत फेरी थांबवली, कारण प्रत्येक फेरीची नोंद त्याच ओळीत पडत होती आणि फाइल बिघडत होती. ते दुपारी भेटीच्या वेळेत येऊ लागले, नातेवाइकांच्या रांगेत उभे राहून, पास घेऊन. रखवालदाराला संकोच वाटे. "साहेब, तुमी कशाला लायनीत?" तो म्हणे. "मी खाद्यपेय व इतर," डॉक्टर सांगत. आत जाऊन ते तिचा हात धरत, अंगठ्याच्या मुळाशी दाबत आणि परत जात. सलाईन चालू होते. त्यात साखर होती.

एका दुपारी बाहेर येऊन ते नवऱ्याला म्हणाले, "हात गेला."

त्या आठवड्यात जखम पुन्हा फाटली. दुसऱ्या ऑपरेशनची मंजुरी दुपारचा चहा व्हायच्या आत आली. अतिदक्षता विभाग मंजूर झाला. कृत्रिम श्वास मंजूर झाला. महागडी प्रतिजैविके मंजूर झाली. खिडकीवरच्या बाईंना एकदाही कोणते शीर्ष, असा प्रश्न पडला नाही. शेवटचा कागद गेला तो चादरीचा, आणि तोही अडला नाही.

नवरा निधनवार्तेचा मजकूर घेऊन कार्यालयात आला. वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते: 'अल्पशा आजाराने दुःखद निधन.'

"असंच लिहित्यात ना समदे?" त्याने विचारले.

"हो."

तो उठला नाही. "कालिजातली मानसं म्हनत्यात, तुजं नशीब, बिल समदं मंजूर झालं. झालं बी. एक रुपया भरावा लागला न्हाई शेवटी." मग तो म्हणाला, "डाक्टर म्हनले हुते, तिचा हात गेला. मला वाटलं लकवा मारला. मी आत जाऊन बघितलं तर हात हालत हुता. तिनं माजा धरला बी. मला वाटलं, डाक्टरचं काय तरी चुकलं. बरं वाटलं जरा."

मजकूर दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापून आला. पान पाच, डावीकडे खाली. त्या सकाळी फोन आला नाही. त्यानंतरही कधी आला नाही. एस.टी. स्टँडमागची खोली काही दिवस बंद दिसली, मग तिथे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आले.

त्यांची पुढची भेट नगरला झाली. जिल्ह्याचे नाव आता कागदावर बदलले आहे, बोलण्यात नगरच आहे. वार्ताहराची साखर वाढलेली निघाली होती आणि तपासणाऱ्याने सावेडीतला एक पत्ता दिला होता. काचेच्या दारावर ठळक अक्षरांत पाटी होती: 'पथ्य'. खाली बारीक अक्षरांत: वजन, साखर, जीवनशैली.

बाहेरच्या खोलीत गार हवा होती आणि जागा नव्हती. ठेकेदार, दुकानदार, बंगल्यांतल्या बायका. दार अर्धवट उघडे असल्याने आतले ऐकू येत होते.

"भात?"

"बंद."

"थोडासा पण नाही?"

"नाही."

"दूध?"

"बंद."

"डॉक्टर, आंबा?"

"मनातूनही काढा."

ते जोडपे बाहेर आले. बाई नवऱ्याला म्हणाली, "काय कडक आहेत! याला म्हणतात डॉक्टर." नवऱ्याने काउंटरवर रोख पैसे दिले. विमा चालतो का, हे त्याने विचारले नाही. खोलीत कोणीच विचारत नव्हते.

आत ते टेबलामागे बसले होते. केस पांढरे झाले होते, शर्ट भारी होता. ओळख लगेच पटली.

"निधनवार्ता अजून तशाच छापता?" त्यांनी विचारले.

"तशाच."

"चालू द्या. बरोबर आहे ते. माणसाला काय झालं होतं हे घरच्यांनाच ठाऊक असतं."

त्यानंतर त्यांनी अहवाल वाचला. सवयीने वार्ताहराचा हात समोर गेला, टेबलावरून, तळवा अर्धा वर. त्यांनी त्या हाताकडे बघितले. मग पेनने खोलीच्या कोपऱ्याकडे खूण केली. तिथे चकचकीत काचेचा वजनकाटा होता.

"हात राहू द्या," ते म्हणाले. "काट्यावर उभे राहा."